'अनटच्ड' धबधबा आणि आपली नजर



गेल्या वर्षी वर्षावास संपल्यानंतरच्या एका रविवारी आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाची अकरा मुलंमुली घेऊन आम्ही रायगड जिल्ह्यातल्या देवकुंड धबधब्याला गेलो. माणगाव तालुक्यातल्या भिरा गावापासून पुढे जंगलातून चालत जावं लागतं. ओढे ओलांडायचे, दगडांवरून चढायचं आणि मग एकदम समोर कातळाच्या कवेत निळंहिरवं कुंड आणि वरून कोसळणारं पाणी. मुलं वेडी झाली. ज्यांनी आयुष्यात सार्वजनिक नळाच्या रांगेपलीकडे वाहतं पाणी पाहिलं नव्हतं, ती मुलं तासभर नुसती बघत बसली. आम्हीही बसलो.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये एका मुलानं धबधब्याचा फोटो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'अनटच्ड ब्यूटी'. फोटो सुंदरच होता. शेजारी बसलेल्या मुलीनं तो पाहिला आणि विचारलं, "दादा, हा शब्द तुला सुचलाच कसा?" त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं तो शब्द पुसला आणि कोलाड येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही.

मुलाची चूक नव्हती. हा शब्द त्यानं शंभर ठिकाणी वाचलेला आहे. अनटच्ड, व्हर्जिन, हिडन, अनएक्सप्लोअर्ड. ज्या भाषेत आपल्या आजोबांना 'अनटचेबल' म्हटलं गेलं, त्याच भाषेत आज जंगलाला कौतुकानं 'अनटच्ड' म्हणतात. एका ठिकाणी माणसाचा स्पर्श हा विटाळ ठरला. दुसऱ्या ठिकाणी माणसाचा स्पर्श नसणं हीच शुद्धता ठरली. दोन्हींच्या तळाशी कुणाच्या तरी स्पर्शाची किळस आहे. हा लेख त्या जीपमधल्या शांततेतून आलेला आहे.

"समाज जळतोय आणि तुम्ही धबधबे बघता?"

निघण्यापूर्वी वस्तीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या काकांनी आम्हाला हाच प्रश्न विचारला होता. काकांबद्दल आम्हाला आदर आहे. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. पण या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण तो आपल्या चळवळीत वारंवार विचारला जातो. जणू सहल, डोंगर, कॅमेरा या सगळ्या सवर्णांच्या चैनी आहेत आणि आपण फक्त मोर्चे काढायचे, निवेदनं द्यायची, अत्याचारग्रस्त गावाला भेट द्यायची.

काकांना आम्ही १९३४ सालची आठवण करून दिली. त्या वर्षी बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. हो, सहलीलाच निघाले होते. चळवळीत राबणाऱ्या माणसांना चार दिवस काही बघावं, हिंडावं असं वाटलं, आणि बाबासाहेबांनी ते गैर मानलं नाही. वाटेत ते दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून काही जणांनी दारापाशी असलेल्या हौदावर हात-पाय-तोंड धुतलं. तेवढ्यात आरडाओरडा झाला. अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून जमाव जमला, शिवीगाळ झाली. ही शिवीगाळ करणारे मुसलमान होते. अस्पृश्यता धर्माची वेस ओलांडून कुठवर पोहोचली आहे, हे बाबासाहेबांनी त्या प्रसंगावरून दाखवलं. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला सोबत एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हा प्रसंग आहे. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी आजच वाचावा.

या प्रसंगातून आम्ही एवढंच घेतो, की मोकळेपणानं फिरणं, निसर्ग पाहणं, पाण्याशी बसणं हा समतेच्या लढ्याच्या बाहेरचा विषय नाही. तो लढा तिथेही झालेला आहे. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा अशी यादी आहे. ती यादी वाचताना आम्हाला दौलताबादचा हौद दिसतो. त्या यादीत आनंदाच्याही जागा आहेत. आपली मुलं डोंगरात जात नसतील तर त्यात आपला त्याग नाही. अजून एक जागा आपण दुसऱ्यांना सोडून दिली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ही जागा सहज मिळते असं समजू नका. जाताना वाटेत आम्ही एका घरगुती खानावळीत नाश्त्याला थांबलो. मालक बोलका होता. कुठून आलात, किती जण, काय करता. मग आडनाव. आडनाव सांगितलं, गाडीच्या काचेवरचा निळा स्टिकरही त्याला दिसला. आधी टेबलावर आलेले स्टीलचे पेले उचलले गेले आणि कागदी पेले आले. तो काही बोलला नाही. पोहे चांगले होते. पैसे मोजून घेतले. आता यावर तक्रार काय करणार? कागदी पेल्यांची केस होत नाही. पण आमच्यातली जी मुलं अकरावी-बारावीला आहेत आणि 'आता कुठे जात पाळतात' असं म्हणत होती, त्यांनी ते पेले पाहिले. त्या दिवसाचा पहिला धडा धबधब्याच्या कितीतरी आधीच झाला.

वाट कुणाची?

देवकुंडची वाट 'सापडली' असं पर्यटनाच्या व्हिडिओंत सांगतात. ती कुणी हरवली होती? ही वाट गुरं चारणाऱ्यांची, मोळी आणणाऱ्या बायांची, पावसाळ्यात खेकडे आणि रानभाज्या गोळा करणाऱ्यांची. आज तीच माणसं वाटाडे म्हणून पर्यटकांना पुढे नेतात, ओढ्याला दोर लावतात, बुडणाऱ्याला बाहेर काढतात. शहरातल्या माणसानं कॅमेरा नेला त्या दिवशी धबधब्याचा जन्म झाला, असं मानणं हा आपल्याला चांगलाच ओळखीचा अहंकार आहे. आपला इतिहासही असाच कुणीतरी 'शोधून' लिहिला होता.

भिरा हे गाव नीट पाहा. इथे टाटा कंपनीचं वीजकेंद्र आहे. ते सुरू झालं १९२७ साली. वर घाटमाथ्यावर मुळशीचं धरण आहे, त्याचं पाणी डोंगरातून खाली आणून भिऱ्याला वीज होते. त्या धरणाविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला. तो हरला आणि गावं पाण्याखाली गेली. ही वीज गेली मुंबईला, गिरण्यांना. त्याच गिरण्यांत आपले पणजोबा राबत होते आणि जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्यांना घेत नव्हते, कारण तिथे तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे. महाराची थुंकी धाग्याला कशी चालणार?

आणि १९२७ म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं ते आम्हाला माहीत आहे. २० मार्च १९२७. महाड. तेव्हा याला कुलाबा जिल्हा म्हणत. भिरा आणि महाड एकाच जिल्ह्यात. एकीकडे डोंगराएवढं पाणी वळवून यंत्रं फिरवली जात होती, दुसरीकडे गावच्या तळ्यातली ओंजळभर पाण्यासाठी डोकी फुटत होती. आपण प्यायलेलं तळं गोमूत्र, शेण, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून 'शुद्ध' केलं गेलं. कायद्याचा निकाल उच्च न्यायालयात लागायला १९३७ उजाडलं. पाणी कमी होतं म्हणून आपल्याला मिळत नव्हतं, असं कधीच नव्हतं. बाबासाहेबांनी महाडला हेच समजावलं होतं, की चवदारचं पाणी प्यायलो नाही तर आपण मरणार नाही. आपण इथे आलो ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे ठरवायला.

आम्ही आमच्या मुलांना सांगितलं, पाण्याकडे बघायची ही आपली नजर आहे. पाणी दिसलं की पहिला प्रश्न हा: हे कुणाला मिळतं आणि कुणाला मिळत नाही?

हा प्रश्न घेऊन आम्ही परतताना वाटेपासून थोड्या अंतरावरच्या एका कातकरी वाडीत गेलो. आमच्या वाटाड्या भाऊंचीच सासुरवाडी. एक मावशी ओढ्यावरून हंडा घेऊन येत होत्या, मागे सूर्य होता, ओला रस्ता चकाकत होता. आमच्यातल्या एकाने पटकन फोन वर केला. मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "फोटू काढून पाणी येतं का रं?"

आम्ही मान खाली घातली. अनटच्ड शब्दावर त्या मुलाला प्रश्न विचारणं सोपं होतं. इथे चूक आमचीच होती. वाडीत शिरण्यापूर्वी मुलांना काही सांगणं आमचं काम होतं. माफी मागितली, तेव्हा मावशींनीच बसायला सांगितलं. मग कळलं, की चार महिने धो धो पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. घरातली तरणी माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात, पोरांची शाळा तिथेच सुटते. घराखालची जमीन नावावर नाही. ताम्हिणीचा घाट हा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक. त्या पावसाचं पाणी मुंबईच्या विजेला चालतं. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत सुटतं, त्यावर कोलाडला पर्यटकांचं राफ्टिंग चालतं. आमच्या फोटोंनाही चाललं. वाडीला मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल सरकारचं झालं आणि कात गेला, नाव तेवढं उरलं. त्यांच्या जंगलाला आता आपण 'निर्मनुष्य' म्हणतो.

फ्रेमच्या बाहेर कोण राहिलं?

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही जॉन अरी यांचं १९९० सालचं 'द टूरिस्ट गेझ' हे पुस्तक अभ्यासलं होतं. पर्यटक डोळ्यांनी जे पाहतो ते आधीच कुणीतरी ठरवून दिलेलं असतं, असा त्याचा थोडक्यात आशय. देवकुंडला आम्ही ते प्रत्यक्ष पाहिलं. प्रत्येक जण त्याच दगडावर उभा राहून तोच फोटो काढत होता. मागून कुणी फ्रेममध्ये आलं की "ओ, जरा बाजूला व्हा" म्हणत होता. बाजूला कोण होत होतं? चहाचं सामान डोक्यावरून आणलेली बाई, दोर सांभाळणारा मुलगा, प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करणारा म्हातारा.

आमच्यातल्या एकाकडे चांगला कॅमेरा आणि ट्रायपॉड होता. पाणी दुधासारखं मऊ दिसावं म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवतात, हे त्यानं मुलांना शिकवलं. त्यातली गंमत अशी, की तेवढ्या वेळात समोरून चालत गेलेला माणूस फोटोत पुसट होतो, वेळ आणखी वाढवला तर दिसतही नाही. कातळ स्थिर, म्हणून कातळ दिसतो. राबणारा माणूस हलत असतो, म्हणून तो दिसत नाही. तंत्र वाईट नाही, आमच्या भिंतीवर असाच एक फोटो लावलेला आहे. पण हे तंत्र काय पुसतं ते ठाऊक असायला हवं.

न दिसण्याची किंमत काय असते, ते याच जिल्ह्यात इर्शाळवाडीनं दाखवलं. खालापूर तालुक्यातला इर्शाळगड ट्रेकर लोकांचा लाडका. त्याच्या सुळक्याचे, नेढ्याचे हजारो फोटो निघाले. गडाच्या पायथ्याशी ठाकर आदिवासींची वाडी होती, जिथे ट्रेकर पाणी पीत, पिठलं-भाकरी खात. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर वाडीवर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. वाडीला रस्ता नव्हता, मदत करणाऱ्यांना चिखलातून डोंगर चढून जावं लागलं. त्या सकाळी देशानं इर्शाळवाडीचा फोटो पहिल्यांदा पाहिला. इतकी वर्षं ती वाडी आपल्या फोटोंच्या खालच्या कडेला, कापलेल्या भागात होती.

इथे कुणी म्हणेल, फोटो काढणाऱ्याने दरड अडवली असती का? नसती. पण ज्यांच्याकडे शहराचा कान आहे, ओळखी आहेत, लिहिता येतं, ते वर्षानुवर्षं त्या वाडीतून गेले. रस्त्याचा प्रश्न, पुनर्वसनाचा प्रश्न त्यांच्यापैकी किती जणांनी विचारला? आम्हीही त्या गडावर गेलो होतो. आम्हीही विचारला नाही.

मरायला जाऊ नका

आता एक कडू गोष्ट, विशेषतः तरुण भावाबहिणींसाठी. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसरमधल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांत माणगाव तालुक्यातल्याच कुंभे धबधब्याजवळ व्हिडिओ करताना दरीत पडून एका तरुणीचा जीव गेला. देवकुंडला पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदी घालतं ते यासाठीच; वाटेतले ओढे तासाभरात चढतात आणि माणसं पलीकडे अडकतात. बंदी मोडण्यात बंड नाही. महाडचा सत्याग्रह हा विचारपूर्वक, शिस्तीनं, हजारोंना सोबत घेऊन केलेला कायदेभंगाच्याही पुढचा हक्काचा वापर होता. सूचनाफलक ओलांडून कड्यावर उभं राहणं ही त्याची नक्कल सुद्धा नाही. अडकलेल्याला काढायला जो ओढ्यात उतरतो, तो बहुतेक वेळा वाडीतलाच पोरगा असतो.

आपल्याकडे तर यासाठी अडीच हजार वर्षांची शिकवण आहे. पावसाळ्यात भिक्खू गावोगाव फिरत, तेव्हा हिरवं गवत आणि बारीक जीव पायाखाली येतात अशी लोकांनी तक्रार केली. भगवान बुद्धांनी ती ऐकली आणि वर्षावासाचा नियम आला: तीन महिने एका जागी राहा. लोकांनी आक्षेप घेतला आणि नियम बदलला, हे किती मोठं आहे! आज वाडीतली माणसं म्हणतात, गाड्या शेताच्या बांधावर लावू नका, ओढ्यात बाटल्या फोडू नका. त्यांचं ऐकणं हेसुद्धा धम्माचं आचरण आहे. याच सह्याद्रीत कुडा, गांधारपाले अशी आपली लेणी आहेत. लेण्यांच्या शिलालेखांत 'पोढी' हा शब्द येतो. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं, कुणीतरी दान दिलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. पाणी साठवायचं आणि वाटायचं, ही या डोंगरातली आपली खूण आहे.

मग करायचं काय?

जायचं. जरूर जायचं, फोटोही काढायचे. आमच्या अभ्यासवर्गानं परतल्यावर बसून काही गोष्टी ठरवल्या, त्या इथे देतो. पटल्या तर घ्या, कमी वाटल्या तर भर घाला.

एक, वाटाड्या घ्यायचा, ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यायचे आणि फोटो दाखवताना वाट दाखवणाऱ्याचाही उल्लेख करायचा, त्याची हरकत नसेल तर नावासह. दोन, माणसाचा फोटो विचारल्याशिवाय नाही. पाणवठ्यावरच्या बायांचा तर अजिबात नाही. तीन, काढलेला फोटो त्या माणसाला दाखवायचा आणि पुढच्या खेपेला कागदावर छापून नेऊन द्यायचा. चार, जी जागा अजून गर्दीनं गाठलेली नाही तिचा नेमका ठिकाणा वाडीला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं सामूहिक वनसंपत्तीकडे कुणी, कसं यावं हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. हक्क त्यांचा, तर निर्णयही त्यांनाच विचारायचा. पाच, 'अनटच्ड', 'व्हर्जिन', 'शोधलेला' हे शब्द आपल्या लिखाणातून बाद.

आणि सहावी गोष्ट, जी आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जिथे धबधबा पाहिला तिथल्या वाडीचा एक तरी प्रश्न सोबत घेऊन यायचा. आम्ही त्या मावशींच्या वाडीतल्या मुलांच्या जातीच्या दाखल्यांचं आणि घराखालच्या जागेचं काम घेतलं आहे. दोनदा तालुक्याला जाऊन आलो. अजून काही हाती लागलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तिसऱ्यांदा जाणार आहोत, आणि यावेळी वाडीतली चार माणसं पुढे आणि आम्ही मागे असू. आपण त्यांचे उद्धारक नाही. कागद वाचता येणारे शेजारी आहोत, इतकंच.

त्या मुलानं परवा तोच फोटो पुन्हा टाकला. धबधबा तोच, पण यावेळी त्यानं न कापलेला मूळ फोटो टाकला होता. खालच्या कोपऱ्यात दोर धरून उभे असलेले वाटाड्या भाऊ दिसतात. त्यांना विचारून त्यांचं नावही खाली लिहिलं होतं. आम्हाला तो फोटो पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

या हिवाळ्यात तुमच्या वस्तीतून कोण कुठे जाणार आहे? जाल तेव्हा पाण्यात मनसोक्त हात घाला. त्या ओंजळीसाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला आहे. फक्त परतताना विचारून या, की इथल्या माणसांच्या हंड्यात उन्हाळ्यात काय असतं.

जय भीम! नमो बुद्धाय!